वळणातला दुसरा गिअर

मंगळवार, ४ मार्च

जेवणाच्या टेबलावर पुन्हा दातेरी चाकं! वर्तमानपत्र पसरून ओळीने मांडलेली, तेलकट, जड. आम्ही दोघं ओट्यापाशी उभ्यानेच जेवलो. कधी उचलणार विचारलं, तर हे म्हणाले, कोणती बसवायची ते ठरलं की.

सोळा तारखेला गाड्यांच्या शर्यतींचा ट्रॅक आमच्यासारख्या हौशी लोकांना दिवसभर खुला आहे. शर्यत नाही, बक्षीस नाही, आपली गाडी मनसोक्त चालवायची. त्याआधी ह्यांना त्यांच्या जुन्या लाल गाडीचे गिअर नव्याने जुळवायचेत. आखूड गिअर पटकन उसळी घेतो आणि लगेच दमतो. लांब गिअर सावकाश उठतो, पण दूरवर नेतो. संसारात एवढं तरी शिकलेच!

एक चाक उचलताना ह्यांचा डावा हात थरथरला. टेबलावर टकटक वाजलं. मी उगाच नळ सोडला.

गुरुवार, ६ मार्च

लेकीचा फोन. बाबांना आता गाडी विकायला सांग, तूच त्यांना फूस देतेस. मी बरं म्हटलं. सांगितलं काहीच नाही.

रविवार, ९ मार्च

सरावासाठी ट्रॅकवर गेलो. मी नेहमीसारखी कठड्यापाशी, डोळे मिटून. टेकडीमागचं लांबलचक वळण इथून दिसत नाही, ऐकू मात्र येतं. बरोबर मधोमध इंजिनाचा आवाज टिपेला जातो – दुसरा गिअर संपतो, तिसरा टाकावा लागतो. म्हणजे वळण उजव्या हाताने सांभाळायचं आणि गिअर डाव्याने. पूर्वी तिथे आवाज कसा अलगद उतरायचा! आज खरखर. मग काहीच नाही. मग पुन्हा खरखर. गाडी समोर येईपर्यंत माझा जीव टांगणीला.

उतरल्यावर हे म्हणाले, गिअरबॉक्स म्हातारा झालाय. मी म्हटलं, हो ना.

घरी येताना आमची रोजची गाडी मीच चालवली. हल्ली मीच चालवते. हे शेजारी बसून माझे हात बघत असतात – चुका शोधत असणार.

सोमवार, १० मार्च

आज शाळेतल्या पियानो शिकवणाऱ्या सिस्टर सारख्या आठवत होत्या. अंगठा चुकीच्या जागी आला की माझा सूर मधेच तुटायचा. त्या रागवायच्या नाहीत. माझं बोट हलकेच उचलून योग्य पट्टीवर ठेवायच्या. "बोटं आधी ठरवायची, बाळ. गाणं सुरू झाल्यावर नाही."

आणि कपडे वाळत घालताना सुचलं – दुसरा गिअरच लांब घेतला तर? वळण संपेपर्यंत तिसऱ्याची गरज नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर!

पण हाताचं नाव काढायचं नाही.

बुधवार, १२ मार्च

मिस्त्रींकडे गेलो. ह्यांचे गिअरबॉक्स खोलता खोलताच त्यांना टक्कल पडलं, असं ते सांगतात. मी म्हटलं, दुसरा लांब घेऊ या, तो टिपेचा आवाज माझ्या कानांना सोसत नाही. मिस्त्री हसत सुटले. "वहिनी, कानांसाठी गिअर बदलणारं पहिलंच गिऱ्हाईक तुम्ही!" मग गंभीरपणे म्हणाले, वळणात शिरताना गाडी मरगळेल, वेळ वाया जाईल.

वाटलं, आता हे कागद-पेन्सिल काढणार, वाद घालणार. छे! "हिला बरं वाटतंय ना? मग लांबच."

इतक्या सहज? मला गलबलून आलं. इतके थकले का?

परतताना मला विचारत होते, त्या वळणात तू किती वेगाने शिरशील? माझं मन रमवताहेत वाटलं. मीही आपलं ठोकून दिलं काहीतरी.

शुक्रवार, १४ मार्च

टेबल मोकळं झालं! बसून जेवलो. पण माझ्या खुर्चीवरची उशी गायब. ती नसली की मी बुटकी, ताट पार हनुवटीशी येतं. ह्यांना विचारलं, तर वर्तमानपत्रात तोंड खुपसलं.

रविवार, १६ मार्च

उशी सापडली. लाल गाडीत, स्टिअरिंगसमोरच्या सीटवर.

हे आधीच शेजारी बसलेले – पट्टा लावून, डावा हात उजव्या हातात धरून. "माझा आता ऐकत नाही गं," म्हणाले. "आणि तू वळणात गिअर बदलत नाहीस. बाजारात जातानासुद्धा नाही. म्हणून तर लगेच हो म्हटलं."

टेकडीमागे आवाज कुठेही तुटला नाही.