कालवांची दूरची भावकी

प्रिय किशोरी,

यंदा एप्रिलात पेपरात तुझा फोटो आला. नवऱ्याने बातमी मोठ्याने वाचली, ‘वेंगुर्ल्याच्या कन्येचं पुण्यात संशोधन.’ वेंगुर्ल्याची तर मीही आहे. मी चहा अर्धा टाकून आत गेले. त्याला वाटलं, डोकं दुखत असेल.

हे जुनंच आहे गो. कोल्हापूरला एम.एस्सी.ला पहिली मी आले, दुसरी तू. पीएच.डी.चा फॉर्म मीही आणला होता. कुणी अडवलं नाही. इथल्या कॉलेजात नोकरी मिळाली आणि मीच तो भरला नाही. कुणाला दोष देता आला असता तर इतकं जळलं नसतं.

मग मे महिन्यात तुझा फोन. कालवं ज्या प्रथिनाच्या जोरावर खडकाला चिकटतात, त्याची घडी कशी पडते ते तू शोधत होतीस. मला समजावायला लागलीस: प्रथिन म्हणजे मण्यांची माळ, दोन मणी माळेत लांब लांब असले, तरी जातीमागून जातीत एक बदलला की दुसराही बदलत आला असेल, तर घडीत ते शेजारी असणार. जसं काही मला ठाऊकच नव्हतं! ‘जितकी भावकी मोठी, तितको अंदाज पक्को. थंयची कालवां धाडशील गो?’ म्हणालीस.

कालवं काढणाऱ्या मथुराकाकीला घेऊन मी आरोंद्याच्या खाडीत उतरले, इथले खडक पालथे घातले, पाय कापून घेतले. कालवं आणि त्यांचे नातलग शिंपले, मिळून नऊ जाती. तुला मात्र कळवलं, ‘नमुने कुसले, काय गावला नाय.’

कुजलं काहीच नव्हतं. त्या प्रथिनातल्या मण्यांचे नऊ क्रम प्रयोगशाळेतून स्वच्छ आले होते. घडी मला शोधायची होती, तुझ्या आधी. महिनाभर संगणकापुढे बसले. पण तुझ्याकडच्या दोनशे नातलग जातींच्या क्रमांशिवाय कोणते मणी जोडीने बदलतात ते उमटेना. तरीही गप्प राहिले.

परवा तू सांगितलंस, अर्ध्या भागाची अंदाजाने काढलेली घडी प्रयोगाशी जुळत नाही, म्हणून तुझी विद्यार्थिनी इशिता पीएच.डी. सोडून चालली आहे. ‘पोरगी रडता गो. माझाच खंयतरी चुकला.’ फोन ठेवला आणि नऊ क्रमांची फाइल उघडली. तुझं काही चुकलेलं नाही, किशोरी. तुला हवी होती ती भावकी मी दाबून ठेवली. नऊही क्रम आज ईमेलने पाठवलेत. फाइलवर जूनची तारीख दिसेल. ती खरी आहे. इशिताला ती दाखव, आणि कोणी लपवलं तेही सांग. माझं नाव निबंधात घालू नकोस. तुझा हेवा अजून वाटतो, हे पत्र लिहूनही गेला नाही. फोन केलास तर मालवणीत शिव्या घाल. परक्यासारखी शुद्ध मराठीत बोललीस, तर काय ते मी समजेन.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
सलोनी