न्हाणीमागचा द्राक्षवेल

आटगाव,
१७ ऑगस्ट २००३

प्रिय धम्मपाल,

सप्रेम जय भीम. पत्र उघडून लगेच शेवटाकडे पळू नकोस, तुझी ती खोड मला ठाऊक आहे. कुठेतरी बस आणि नीट वाच. हे तुझ्या हाती पडेल की नाही याचीच मला धास्ती आहे, म्हणून शिव्या मागाहून घालीन. चार वर्षं झाली रे! जाताना एका ओळीचा पत्ता ठेवायला तुझा हात मोडला होता का?

आईचे गुडघे दुखतात, पण बसायचं नाव नाही. बाबा येत्या मार्चात निवृत्त होतील. त्यांनी शब्द टाकून तुला भातसानगरला धरणावर चिकटवलं आणि तू दोन महिन्यांत सोडून आलास, तेव्हा तोंड दाखवू नको म्हणाले, ते मी विसरलेले नाही. पण तेव्हापासून ड्युटीवरून आले की ते आधी पायरीखालच्या चपला बघतात. तुझ्या मापाची एखादी आहे का ते. आम्हाला कळत नाही असं त्यांना वाटतं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही मुरबाडला लग्नाला गेलो आणि नेमका तेव्हाच तू येऊन गेलास. शेजारच्या मालूकाकूंनी पाहिलं. न्हाणीमागे खड्डा खणलास, मुळं फुटलेली काडी लावलीस, द्राक्ष आहे एवढंच म्हणालास आणि काकू हाका मारत असताना चालता झालास. आम्ही आल्यावर बाबा कितीतरी वेळ त्या काडीपाशी उभे होते. मग म्हणाले, पोरानं लावलाय तं उगीच लावला नसंल, जगला पायजे. भाताच्या मुलखात द्राक्ष म्हणून सगळी आळी हसली. बाबांनी कोणाचं ऐकलं नाही. आंघोळीचं पाणी वळवलं, बांबू रोवले, कोंबड्यांना कुंपण घातलं. आणि ज्याला त्याला विचारत सुटले, हे काळं का हिरवं, बियांचं का बिनबियांचं, नाव काय याचं. शेतीच्या साहेबांना भात पाठ, द्राक्षाचं पान त्यांनी उलटसुलट करून परत दिलं. शेवटी शहापूरच्या बाजारात नाशिककडचा एक फळवाला भेटला. तो म्हणाला, नाव सोडा, ऑक्टोबरात छाटणी नाही केली तर द्राक्ष धरत नाही, चांगलं खोल छाटा.

बाबांना कुठला धीर! नवी कात्री आणली आणि सप्टेंबरातच छाटला. वीतभर बुंधा राहिला. मी म्हटलं, बाबा, फारच कापलात हो. तर म्हणाले, तुला काय कळतं, आता बघ कसा घोसांनी वाकंल.

त्यानंतर चार दिवसांनी आई शेतावर होती, बाबा ड्युटीवर, मी कामावर. परत येते तो न्हाणीच्या दगडावर ओल्या गोणपाटाची गुंडाळी. आत पाच-सहा बोडक्या काड्या. मालूकाकूंच्या नातवंडांचा खेळ समजून आईने त्या न्हाणीच्या चुलीत सारल्या. त्यांच्यावर तापलेल्या पाण्याने मीच आंघोळ केली.

वेल पुन्हा फुटला. यंदा कौलांवर चढलाय, पण घोस एकही नाही. बाबा रोज नावाचं विचारतात, त्यांना वाटतं नाव कळलं की औषध कळेल. मला वाटायचं, नाव कळलं की ते कुठे पिकतं ते कळेल, आणि तिथेच कुठेतरी तू असशील. दुसरा धागाच नव्हता. म्हणून गेल्या रविवारी पान आणि काडीचा तुकडा पिशवीत घालून मी नाशिककडे, द्राक्षांच्या पिंपळगावला गेले. तिथे एका म्हाताऱ्या बागायतदाराने काडी बघितली आणि हसला. बाई, म्हणाला, हा खायचा वेलच नाही, हा रानटी खुंट. मुळं चिवट म्हणून आधी हा लावतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर चांगल्या द्राक्षाचं कलम बांधतात. हे काम जाणणाऱ्यानेच लावलाय. आणि कलमाची काडी दाखवायला त्याने ओल्या गोणपाटाची गुंडाळी उलगडली. धम्मपाल, आत तशाच बोडक्या काड्या होत्या.

तू कलम बांधायला आला होतास. कापलेला बुंधा पाहिलास आणि समजलास, बाबांनी रागाने तोडला. काड्या टाकून गेलास. अरे वेड्या, रागाने नाही रे, तुझ्या वेलाला द्राक्षं यावीत म्हणून तोडला! त्या म्हाताऱ्याच्या ओळखीत शहापूरकडचा एक कलमवाला आहे, बोलताना आपल्याकडच्या बोलीत सारखा नाय-नाय करतो, म्हणे. तो तूच असशील या आशेवर हे पत्र त्या म्हाताऱ्याकडे धाडते आहे. बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्यांना कळेल की दारात आलेला मुलगा त्यांच्या कात्रीने परत गेला, आणि ते त्यांना सोसायचं नाही. पण कालच त्यांनी कात्रीला तेल दिलंय. गणपती गेले की पुन्हा छाटणार म्हणतात. मी आज नको, उद्या छाटा करून त्यांना किती दिवस थोपवणार? काड्या घेऊन त्याआधी ये. आणि या वेळी घरात कोणी नसलं तर पायरीवर बसून राहा. चपला खाली काढून ठेव.

वाट बघणारी, तुझीच,
रश्मीताई