पाहुणे आणि समुद्र

चि. केतकीस,

तू नको म्हटलं होतं, तरी मी तुझ्या लग्नाचं बोलायला पांढुर्ण्याचे पाहुणे सौंसरला घरी बोलावले.

मी सांगितलं, "पोरगी सर्वेच्या जहाजावर असते, समुद्राची खोली मोजते."

मुलाच्या आत्यानं विचारलं, "किती खोल्या हायेत जी?"

तुझी आई हसू दाबत आत पळाली. मी समजावलं, "पाण्याखाली खडक कुठं आहे, ते नकाशात दाखवते. त्याच्यानं जहाजं फुटत नाहीत."

मुलाचे वडील म्हणाले, "चांगलं आहे. पण लग्नानंतर नोकरी सोडा लागन."

"मग चहा घ्या अन् निघा," मी म्हटलं.

आता सारी गल्ली बोलून राहिली, पाहुण्यांनी नकार दिला. बेटा, नकार मी दिला! हे तुला सांगायची फार इच्छा आहे, पण मग त्यांना कोणी बोलावलं, तेही सांगा लागते.

तुझा,
पत्र कपाटात ठेवणारा बाबा