मैदानासाठी घेतलेल्या सह्या

९ मार्च, सोमवार
मैदानात आज अकरा मोटारी उभ्या. स्कूटर मोजल्या नाहीत, बीपी वाढतं. एकाने तर बंपर मल्लखांबाला टेकवून लावलाय.
उन्हाळी शिबिराला चाळीस दिवस. जेवण झाल्यावर वहीत आराखडा काढला. मल्लखांब आहे तिथेच, खो-खो मधोमध, लंगडी आणि लगोरी बदामाच्या सावलीत, छोट्यांच्या गोष्टी चाळीच्या पायऱ्यांवर. हे म्हणाले, "दरवर्षी तेच काढतेस. गेल्या वर्षीचा कागद वापर ना." ह्यांना काय सांगणार. गेल्या वर्षीच्या कागदावर जागा होती.

१२ मार्च, गुरुवार
वॉर्ड ऑफिस. दीड तास बाकावर. "बाई, रहिवाशांच्या सह्या आणा, मग बघू." तीस वर्षं पालिकेच्या शाळेत पी.टी. शिकवली, 'मग बघू' म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. तरी आणणार. न आणून काय करणार?

१५ मार्च, रविवार
दोन्ही चाळी आणि समोरचा टॉवर फिरले. अर्ज अजून टाईप व्हायचाय (मंडळाचा सेक्रेटरी समीर करणार, त्याला शनिवारपर्यंत वेळ नाही), म्हणून कोऱ्या फुलस्केपवर नाव, खोली नंबर, सही. अर्ज मागून जोडू. एकानेही विचारलं नाही कशासाठी. "बाई आल्या म्हणजे पोरांचंच काहीतरी."
पहिली सही आबांची. त्यांच्याआधी कोणाची घ्यायची नसते, इथे तसंच आहे. गिरणीतली पाळी संपवून रात्रशाळेत शिकलेलं अक्षर. पूर्ण नाव लिहितात, मग शेवटी एका दमात वरची रेघ. संपाच्या वर्षी गिरणी बंद, पोरं दिवसभर गल्लीत उनाडत होती, तेव्हा ह्याच माणसाने पटांगणातले दगड वेचून शिबीर सुरू केलं. मी तेव्हा दहावीत. त्यांच्या खो-खोच्या पहिल्या तुकडीतली. आज ब्याऐंशीचे आहेत, अजून मला "पोरी" म्हणतात.

२० मार्च, शुक्रवार
वॉर्ड ऑफिस म्हणतं गाड्या हटवणं ट्रॅफिकवाल्यांचं काम. ट्रॅफिकवाले म्हणतात मैदान म्हणजे रस्ता नव्हे. छान. टोलवाटोलवी आम्हीसुद्धा शिकवतो, फक्त चेंडूने.
समीर मला भाऊंच्या ऑफिसात घेऊन गेला. भाऊंकडे पद काही नाही, पण इथे नळ जोडायचा तरी त्यांना विचारून. "बाई, मी तुमचा विद्यार्थी!" होता खरा. पी.टी.च्या तासाला दर वेळी पोटात दुखायचं. म्हणाले, "सह्या ठेवून जा. अर्ज आमच्याकडे टाईप होईल, तुम्ही कशाला उन्हात फिरता?"
ठेवून आले. खरंच पाय दुखत होते.

२८ मार्च, शनिवार
गाड्या गेल्या! सगळ्या. भाऊंच्या एका फोनवर. मैदान एवढं मोठं आहे हे मी विसरलेच होते. अनवाणी एक फेरी मारली. आनंद झाला, लिहून ठेवते, सवय राहिली नाही म्हणून.
संध्याकाळी समीर. "बाई, एकच रिक्वेस्ट आहे. उद्‌घाटनाचा नारळ भाऊ वाढवतील."
नारळ आबांचा. दरवर्षी मल्लखांबाच्या मुळाशी वाढवतात, खांबाला हळदकुंकू लावतात आणि पहिला तुकडा सगळ्यात लहान पोराला देतात. मी हो म्हटलं. नारळच तर आहे. मैदान मिळतंय.
आबांना मीच सांगायला हवं. उद्या जाते.

३ एप्रिल, शुक्रवार
गेले नाही. गुडघा दुखतोय.
खोटं. गुडघा बरा आहे.

११ एप्रिल, शनिवार
बॅनर लागला. भाऊंचा चेहरा दरवाजाएवढा. 'यांच्या शुभहस्ते.' खाली तिकिटाएवढ्या फोटोंची रांग, आबा तिसरे, मी पाचवी.
आबा दूध घेऊन येताना बॅनरखाली थांबले. सगळं वाचलं, अगदी प्रिंटरचं नावसुद्धा वाचलं असेल. मी गॅलरीत होते. वर बघतील म्हणून पटकन आत झाले. साठीची बाई, दाराआड लपले. लाज वाटली, अजून वाटतेय.
हे जेवताना म्हणाले, "म्हाताऱ्याक बॅनरवरून कळला ता वायट झाला." ह्यांची मालवणी एरवी घरात निघत नाही.

१८ एप्रिल, शनिवार
उद्‌घाटन. बावन्न मुलं. साडेसातला रांगेत उभी केली, भाऊ नऊला. दोन मुलांना घेरी आली. आबा आले नाहीत. सुनेने दारातूनच सांगितलं, "बरं नाय वाटत त्यांना." मागे आबा खुर्चीत बसलेले दिसत होते. बरे होते.
नारळ मल्लखांबापाशी नाही वाढवला. फाटकाजवळ पाट मांडला होता, त्यावर कुदळ, कुदळीला हार. फोटोवाले दोन. भाऊंनी कुदळ मारायची पोझ दिली. मला वाटलं असेल त्यांची काही पद्धत. शिबिराला कुदळ कशाला, हे विचारायला मला तोंड नव्हतं? होतं. विचारलं नाही.

२१ एप्रिल, मंगळवार
तीन दिवस चांगले गेले. टॉवरमधली तन्वी, आठ वर्षांची, मातीत चप्पल काढायला तयार नव्हती. आज लंगडीत सात जणांना बाद केलं आणि पाय धुवायला तयार नाही. आई चिडली. मी खूश.
आबांना हे सांगावंसं वाटलं. त्यांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

२२ एप्रिल, बुधवार
सकाळी सातला ट्रक. पेव्हर ब्लॉक. मुलं शूज घालून उभी, मध्ये ट्रक.
ठेकेदाराच्या माणसाने कागद दाखवला. 'रहिवाशांच्या मागणीनुसार मैदानाचे सुशोभीकरण.' हिरवळ, पेव्हर, बाकडी, सेल्फी पॉइंट. भूमिपूजन झाले: १८ एप्रिल, सोबत फोटो. नारळ, कुदळ, मागे रांगेत माझी बावन्न मुलं.
आणि मागे जोडलेल्या आमच्या सह्या. माझे फुलस्केप, मी आखलेल्या रेघा. सगळ्यात वर आबांचं नाव.
दुपारपर्यंत मल्लखांब उपटला. "लाकूड बाजूला ठेवलंय, मॅडम. पाहिजे तर घेऊन जा." कुठे नेऊ? दहा बाय बाराच्या खोलीत?

२३ एप्रिल, गुरुवार
भाऊंकडे. खूप बोलले मी, आवाज चढला. ते शांत. "बाई, पोरांसाठीच ना? गार्डन कुणाला नको असतं? आणि मागणी तुमचीच. सह्या तुम्हीच आणल्यात."
खरं आहे. हेच तर रडू आणतं. ह्या माणसाने एकही सही खोटी केली नाही.
समीर खाली मान घालून उभा. त्याला खरंच माहीत नव्हतं, असं म्हणतो. असेल. मलाही कुठे होतं.

२६ एप्रिल, रविवार
शिबीर टॉवरच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर. सोसायटीच्या अटी: चेंडू नाही, शिट्टी नाही, धावायचं नाही. लंगडी म्हणजे धावणं की नाही, ह्यावर कमिटीशी वीस मिनिटं वाद. हरले. चौदा मुलं उरली. फरशीवर बसवून गावांची नावं सांगायचा खेळ घेतला. एक पोरगं म्हणालं, "बाई, हे तर शाळेसारखं झालं." त्याला रागवावं असं काहीच सापडलं नाही.

३ मे, रविवार
संपलं. समारोपाला नऊ मुलं, बाकीची कोकणात गेली. दरवर्षी शेवटच्या दिवशी आबा खो-खोचा एक डाव लावायचे, म्हातारे विरुद्ध पोरं. यंदा बिस्किटांचे पुडे वाटले आणि घरी आले. पदर तोंडावर घेऊन झोपले. ह्यांनी भांडी घासून ठेवली.

१६ मे, शनिवार
गार्डन उघडलं. हिरवळ प्लॅस्टिकची. अकरा वाजता त्यावर पाऊल ठेवून बघा, तापलेला तवा. फायबरचं हरीण. फाटकाला कुलूप, सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी पाच ते आठ. पाटी: खेळू नये, धावू नये, सायकल आणू नये. पोरं बाकड्यांवर बसून मोबाईल बघतात. आपली पोरं, मैदानात, बसून.
वाईट म्हणजे लोक खूश आहेत. शेजारच्या कदमवहिनी, "बाई, बरं झालं हो, टेकायला जागा झाली. तुमच्यामुळेच." माझा हात धरून म्हणाल्या.

१९ मे, मंगळवार
नवा अर्ज केला. स्वतः टाईपवाल्यासमोर बसून. फरशी काढावी, माती परत टाकावी, मल्लखांब लावावा. एकच पान, मजकूर आणि सह्या त्याच पानावर. काही होईल असं वाटत नाही. केलेलं काम कोण उखडतं? पण करायचा.
पहिली सही आबांची. महिन्याभराने त्यांच्या दारात.
"आबा, चुकले मी. नारळाचंसुद्धा, सह्यांचंसुद्धा."
"नारळाचा काय घेऊन बसलंस. नारळ बाजारात गावतत."
सुनेने चहा ठेवला, तो निवला.
"माका वाचूक येता, पोरी. रात्रशाळेत शिकलंय ता कित्याक? कोऱ्या कागदार सही करूची नाय, ह्या पयल्या दिवशी शिकवलानी. तरी केलंय. तू आणलंस म्हणान."
रागाने बोलले असते तर बरं झालं असतं.
मी अर्ज पुढे केला, पेन उघडून दिलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, मला परत दिलं. अर्ज ठेवून घेतला. "ठेव. वाचून सांगतंय."

२१ मे, गुरुवार
दोन्ही चाळी फिरले. आता प्रत्येकजण विचारतो, "कशासाठी?" विचारायलाच हवं. मग पुढचा प्रश्न, "आबांनी केली का?" नाही म्हटलं की, "मग त्यांची होऊ दे आधी." एकही सही नाही. हातात झेरॉक्स, ती उन्हात वाळली.
कदमवहिनींनी तर दारच अर्धं उघडलं. त्यांना बाकडं हवंय. त्यांचं काय चुकलं?

२४ मे, रविवार
सकाळी आबांच्या दारावरून गेले. मुद्दाम. दार उघडं. खिडकीपाशी बसले होते, चष्मा लावून, मांडीवर अर्ज. ओठ हलत होते.
"आबा, काय ठरलं?"
मान वर न करता म्हणाले, "अजून वाचतंय."
"सावकाश वाचा," मी म्हटलं.
एका पानाचा अर्ज आहे.