शब्दाच्या शेपटीला माझं-तुझं

२ मार्च

फोन आला! पाच वर्षं ज्याची वाट पाहिली, तोच. दत्तक-संस्थेच्या बाई म्हणाल्या, "मुलगी आहे, सात वर्षांची. आई-वडील नाहीत. आजीने सांभाळली, आता आजीही गेली. कागदोपत्री दुसरं कोणी नाही." मी ऐकता ऐकताच हो म्हणून मोकळी. मग त्या जरा घुटमळल्या. "एक आहे — तिला फक्त अरबी येतं. आणि सध्या तेही बोलत नाही."

सहा आठवड्यांनी घरी येईल.

नवरा म्हणाला, "मग शिकू की!" जणू सायकल शिकायची आहे.

४ मार्च

मास्तरीण मिळाली! औषधाच्या दुकानातल्या बाई. त्यांची मायबोली अरबी. त्यांचं शिलाई मशीन गेल्या वर्षी मीच दुरुस्त केलं होतं, म्हणून ओळख. मंगळवार-शुक्रवार, दुपारच्या सुट्टीत, माझ्या वर्कशॉपात. शिक्षिकेला 'उस्ताज़ा' म्हणतात म्हणाल्या. सासूबाईंनी लगेच त्याचं 'उस्तादबाई' करून टाकलं. आणि "मीही बसणार" म्हणून खुर्ची ओढून बसल्या. शहात्तर वर्षांच्या!

१२ मार्च

'ऐन' नावाचं एक अक्षर आहे. ते घशाच्या तळातून काढायचं. मला जमेना. नवरा प्रयत्न करता करता लालबुंद झाला. तेवढ्यात सासूबाईंना ठसका लागला. "हाच! अगदी हाच!" उस्तादबाई ओरडल्या.

तेव्हापासून म्हातारी जमिनीवर नाही.

१५ मार्च

आज 'माझं' शिकले. त्याला वेगळा शब्दच नाही! वस्तूच्या शेपटीला 'ई' चिकटवायची, झालं. बैत म्हणजे घर — बैती, माझं घर. किताब — किताबी. आपल्याकडे माझा पट्टा, माझी सुई, माझं मशीन — वस्तू बदलली की आपण बदलायचं. तिथे सगळ्यांना एकच ई. किती सोपं, म्हणेस्तोवर उस्तादबाई म्हणाल्या, "थांबा." 'तुझं घर' म्हणताना समोर पुरुष असेल तर बैतुका, बाई असेल तर बैतुकि. म्हणजे आपण वस्तू बाई की पुरुष ते बघतो, आणि ते मालक बघतात!

दुपारभर बॉबिनच्या डबीला, तेलाच्या कुपीला, पेचकसाला चिठ्ठ्या डकवत बसले. माझं, माझं, माझं. एक गिऱ्हाईक म्हणालं, "चोऱ्या होतात का हो इथे?"

१९ मार्च

गुरफा म्हणजे खोली. मग माझी खोली काय? मी म्हटलं गुरफाई. चूक. गुरफती! हा 'त' आला कुठून? उस्तादबाई म्हणाल्या, "तो असतोच आत लपलेला. पुढे कोणी जवळचं येऊन चिकटलं की बाहेर येतो."

एका मशीनचा पट्टा बसवताना हेच मनात घोळत होतं. पट्टा उलटा बसवला.

२६ मार्च

नवरा मला आज 'बैतुका' म्हणाला. मला मिशा फुटल्यात का?

२ एप्रिल

बैतुना. मी विचारलं, आमचं घर की आपलं घर? उस्तादबाईंना फरकच कळेना. समजावलं — पाहुण्याला सांगताना 'आमचं', घरातल्या माणसाला 'आपलं'. त्या म्हणाल्या, "आमच्यात एकच. 'ना' म्हटलं की ऐकणारा आत की बाहेर, ते त्यानेच ठरवायचं." मला हे फार आवडलं.

आज खोलीला रंग दिला. पिवळा. नवऱ्याच्या केसांनाही.

१३ एप्रिल

आली!

कापलेले सरळ केस, पाठीवर दप्तराएवढी पिशवी, नजर फरशीवर. मी खोलीचं दार उघडलं आणि पाठ केलेलं ठणकावून म्हटलं, "गुरफतुका!" तिने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. ओठाचा कोपरा हलला.

"कि," ती म्हणाली. "गुरफतुकि."

संस्थेच्या बाईंनी माझा दंड धरला. दोन महिन्यांतला हिचा पहिला शब्द! आणि तो माझी चूक काढायला! मी तर धन्य झाले.

१७ एप्रिल

छोटी आता उस्तादबाईंची उस्ताद. जेवताना नवऱ्याचं व्याकरण तपासते. तो चुकला की चमच्याने ताटलीवर टिंग. सासूबाईंना मात्र टिंग नाही — ऐनमुळे.

२१ एप्रिल

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी छोटीची पिशवी धुवायला रिकामी केली. तळाशी दोन कंगवे. एक लाल. दुसरा तपकिरी, मोठ्या दातांचा, त्यात लांब कुरळे केस अडकलेले. मला वाटलं, चला, सराव! लाल उचलला — "मुश्तुकि?" तुझा कंगवा? ती म्हणाली, "मुश्ती." शाबास. तपकिरी उचलला. तिने नकाराची मान हलवली. "मुश्तुहा."

हा. म्हणजे तिचा. कुणा बाईचा, मुलीचा.

आजीचा असणार. विचारलं, "जद्दतुकि?" तुझी आजी?

"ला. उख्ती."

नाही. उख्त — बहीण. आणि शेपटीला ई.

माझी बहीण.

मी धुणं तसंच सोडलं. कुठे आहे, हे विचारलं. उत्तरातलं काही कळेना, म्हणून उस्तादबाईंना फोन लावून छोटीच्या कानाला दिला. अर्धा तास बोलली. अर्धा तास! मग उस्तादबाईंनी सांगितलं — मोठी बहीण, बारा वर्षांची. तिला कावीळ झाली म्हणून दवाखान्यात नेलं. आठवड्याने आजी गेली. छोटीला संस्थेत आणलं. बहिणीला परत कोणी आणलंच नाही.

२२ एप्रिल

संस्थेत गेलो. "फाइलमध्ये बहीण नाही," बाई म्हणाल्या. दुभाषी बोलावला होता, पण छोटीने त्याच्यापुढे तोंडच उघडलं नाही. मी म्हटलं, "फाइलमध्ये नसेल. ती म्हणते ना, 'माझी' म्हणून!" मोठ्याने बोलले बहुतेक. शेजारच्या टेबलावरचे उठून उभे राहिले. बाईंनी मात्र रागावण्याऐवजी वही पुढे ओढली. "सांगा. पहिल्यापासून."

२९ एप्रिल

सापडली! दुसऱ्या गावी, दुसऱ्या संस्थेत. आडनाव दोन फाइलींत दोन तऱ्हेने लिहिलेलं, एवढंच. ठणठणीत आहे. तीही रोज बहिणीबद्दल विचारत होती, आणि तिथले लोक यादीत भलतंच आडनाव शोधत होते.

फोनवर दोघींची भेट घडवली. छोटीने फोन दोन्ही हातांनी धरला. मग जी सुटली! मला त्यातले फक्त ई आणि कि ऐकू येत होते.

नवरा कितीतरी वेळ तीच ताटली विसळत होता. दोघांच्याही मनात काय आहे ते दोघांनाही माहीत होतं. घर तीन खोल्यांचं. आणि परवानगी मिळेल?

११ मे

परवानगी मिळाली, आज मोठी घरी आली! दोघांचं मिळून काही असलं तर अरबीत शेपटी वेगळीच असते — कुमा. उस्तादबाई म्हणाल्या, "फार पुस्तकी आहे, बोलताना कोणी वापरत नाही. असं फक्त कार्टूनमधली पात्रं बोलतात." मी वापरली. जिन्यात सगळ्यांसमोर म्हटलं, "हाज़ा बैतुकुमा." हे तुम्हा दोघींचं घर. मोठी छोटीच्या कानात काहीतरी पुटपुटली. मला त्यातलं एवढंच कळलं — 'कार्टून'. मग दोघी खिदळत वर पळाल्या.