हिरवी टिक

४ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आईच्या कानाशी तोंड नेऊन दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना शेजारच्यांनी भिंत ठोकली. तिला आता फोनवरचं अजिबात ऐकू येत नाही, त्यामुळे पत्रं लिहिणं तुला चुकणार नाही. तू कंटाळा करतोस हे मला अक्षरावरून कळतं. शेवटच्या चार ओळी म्हणजे नुसत्या मुंग्या.

आता कामाचं. रुग्णांच्या नोंदी ठेवायचं तुझं अ‍ॅप आमच्याकडे सुरू होऊन महिना झाला. मीच मोठ्या तोंडानं पर्यवेक्षिकाबाईंना सांगितलं होतं की, माझा भाऊ असली अ‍ॅप करतो, त्याच्या कंपनीला द्या काम. त्यामुळे आता कुठल्याही परिचारिकेचं काही अडलं की ती माझ्याकडे येते. परवा एकीनं विचारलं की, ते गोल फिरणारं चक्र तुमच्या भावानं मुद्दाम ठेवलंय का.

खरंच, त्या चक्राचं काहीतरी कर. रुग्णाच्या घरी जाऊन इंजेक्शन दिलं, बटण दाबलं, की ते फिरत बसतं. हिरवी टिक येईपर्यंत मी दारात ताटकळते. सगळ्यात वाईट म्हणजे आमचे घड्याळजी, जन्मभर घड्याळं दुरुस्त केली म्हणून आम्ही त्यांना तसं म्हणतो. ते राहतात तळघरात, तिथे नेटवर्कचा पत्ता नाही. सकाळी त्यांना इन्सुलिन देते आणि मग फोन हातात उंच धरून जिना चढते. ते खालून हसतात. बिचाऱ्यांना आता आपण चहा घेतला की नाही हेही आठवत नाही, पण माझं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे हे मात्र रोज न चुकता सांगतात.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, ती त्याहून जास्त कुरकुरते. तुझ्यावर लोभ आहेच, पण चक्र बंद केलंस तर त्यात भर पडेल.

तुझी
ताई


१२ फेब्रुवारी

ती. परिचारिकाबाई ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझी तक्रार पोचली. मोठ्या अक्षरांत लिहितो आहे, म्हणजे मुंग्यांचा विषय संपला.

चक्र का फिरतं ते सांगतो. तू बटण दाबलंस की नोंद क्लाउडवर जाते. क्लाउड म्हणजे आकाशात काही नाही, दूरच्या एका इमारतीत कॉम्प्युटरची कपाटंच्या कपाटं आहेत, त्यातली थोडी जागा आम्ही वापरतो. नोंद तिथे पोचली असा निरोप परत आला की मगच टिक हिरवी होते. तळघरातून निरोप जातच नाही, म्हणून तुझी जिन्यावरची कवायत.

यावर तोडगा आहे. टिक लगेच हिरवी करायची, नोंद फोनमध्ये धरून ठेवायची आणि पुढच्या घरी अ‍ॅप उघडलंस की पाठवून द्यायची. आमच्याकडे दोन-दोन आठवड्यांचे टप्पे असतात, त्याला स्प्रिंट म्हणतात. प्रत्येक काम एका कार्डावर लिहून फळ्यावर लावायचं आणि झालं की ‘झालं’ या रकान्यात सरकवायचं. तुझं काम एका टप्प्यात मावत नव्हतं, म्हणून मी त्याची दोन कार्डं केली. पहिलं, टिक लगेच हिरवी. दुसरं, नोंद काही कारणानं गेलीच नाही तर फोननं बोंब मारायची. पहिलं या टप्प्यात घेतलं आहे. दुसरं पुढच्या टप्प्यात.

सकाळच्या बैठकीत, ती आम्ही उभ्या उभ्या घेतो म्हणजे कुणी पाल्हाळ लावत नाही, मॅनेजरनं विचारलं की, हे मध्येच कुठून आलं. मी म्हणालो, वापरणाऱ्यांची मागणी आहे. वापरणारी माझी ताई आहे हे सांगितलं नाही.

घड्याळजींना नमस्कार. आईला माझ्या वतीनं गुडघ्याला तेल लाव. लोभ कमी झाला तर पुन्हा चक्र चालू करीन.

तुझा
ठोंब्या


५ मार्च

चि. ठोंब्यास,

अ. आ. वि. वि.

शाब्बास! बटण दाबलं की टिक हिरवी. सगळ्या जणी तुला दुवा देतात. भिंत ठोकणाऱ्या शेजाऱ्यांनासुद्धा मी तुझं कौतुक ऐकवलं.

पर्यवेक्षिकाबाई इतक्या खूश झाल्या की रुग्णांच्या घरी ठेवलेल्या जुन्या वह्या त्यांनी गोळा करायला सांगितल्या. एकच नोंद दोन ठिकाणी कशाला, असं त्यांचं म्हणणं. पुढाकार मीच घेतला. घड्याळजींच्या उशाशी असलेली वही काढून घेतली तेव्हा ते जरा हिरमुसले. तिच्या मागच्या पानांवर ते घड्याळांची चित्रं काढायचे. मी त्यांना कोरी वही आणून द्यायचं कबूल केलंय.

तुझं दुसरं कार्ड झालं का? तू लिहिलं होतंस म्हणून विचारते.

आई तुझी आठवण काढते. या खेपेला तरी उत्तर लवकर धाड, लोभाचं मी पाहून घेईन.

ताई


२९ मार्च

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. कामात असशील. मी मात्र मोठ्या अडचणीत सापडले आहे, म्हणून पुन्हा लिहिते.

घड्याळजी गेले.

गेल्या बुधवारी सकाळी मी त्यांना नेहमीसारखं इन्सुलिन दिलं. त्यांनी खाल्लं, मी बटण दाबलं, टिक हिरवी झाली. मी पुढच्या घरी गेले. नऊ वाजता पर्यवेक्षिकाबाईंच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर घड्याळजींचं नाव लाल दिसलं, म्हणजे सकाळी कुणीच गेलं नाही. त्यांनी दुसऱ्या परिचारिकेला पाठवलं. ती नवी आहे, पण कामात चोख. तिनं मला फोन केला होता. मी तेव्हा एका आजींना अंघोळ घालत होते, फोन पिशवीत होता. तिनं घड्याळजींना विचारलं तर ते म्हणाले की, आज कुणी आलंच नाही. साखर तपासली तर वाढलेली, कारण पोटात नुकतंच अन्न गेलेलं. पूर्वीसारखी उशाशी वही असती तर तिनं पान उलटून पाहिलं असतं. तिनं पुन्हा इन्सुलिन दिलं. दुपारी त्यांची मुलगी आली तेव्हा साखर एकदम उतरून ते खुर्चीत बेशुद्ध होते. तिसऱ्या दिवशी गेले.

आता सगळे मला विचारतात की, बटण दाबलं होतं का. मी सांगते की दाबलं, टिक पाहिली. फोन उघडून दाखवला तर त्यात घड्याळजींची बुधवारची नोंदच नाही. ठोंब्या, मी वीस वर्षं हे काम करते आहे. मला वेड लागलंय की काय असं वाटू लागलंय. रोजची इतकी घरं, इतकी बटणं. खरंच दाबलं होतं ना मी?

तुझ्या त्या कपाटांत शोध. कुठेतरी माझी नोंद असेल. चौकशी १२ एप्रिलला आहे. त्यात मी दोषी ठरले तर मला पुन्हा कुणाच्या घरी पाठवणार नाहीत, इथे नाही आणि दुसरीकडेही नाही. मला दुसरं काही येत नाही रे.

आईला फक्त घड्याळजी गेल्याचं सांगितलंय.

ताई


६ एप्रिल

ती. ताईस,

सा. न.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

तू बटण दाबलं होतंस. आधी हे वाच, मग बाकीचं. सात वाजून अडतीस मिनिटांनी, तळघरात उतरण्याआधी जिन्याच्या वरच्या टोकाशी, तू अ‍ॅप उघडल्याची खूण क्लाउडवर आहे. पुढची नोंद नाही, पण ती का नाही हे मला कळलंय.

दुसरं कार्ड झालंच नाही. दर टप्प्याला ते पुढे ढकललं गेलं. पहिलं कार्ड ‘झालं’मध्ये होतं, टिक हिरवी होत होती, सगळे खूश होते, मग दुसऱ्याची घाई कुणाला? त्या बुधवारी सकाळी आम्ही अ‍ॅपची नवी आवृत्ती सोडली. तू तळघरातून निघून पुढच्या घरी पोचेपर्यंत फोन खिशात होता आणि ती आवृत्ती आपोआप बसली. बसताना तिनं फोनमध्ये थांबलेल्या नोंदी पुसल्या. दुसरं कार्ड झालं असतं तर फोननं तिथेच बोंब मारली असती. मी आमच्या इमारतीच्या तळघरात, गाड्या लावतात तिथे, फोन घेऊन गेलो आणि तीन वेळा करून पाहिलं. तिन्ही वेळा टिक हिरवी झाली, तिन्ही वेळा नोंद पुसली गेली.

मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला की दुरुस्ती ताबडतोब करू, पण बाहेर ब्र काढायचा नाही, नाहीतर अख्खी टीम घरी बसेल. दुरुस्ती काल सगळ्यांच्या फोनवर गेली. नव्या आवृत्तीत काय बदललं याची एक ओळ लिहायची असते. ती लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी ‘किरकोळ सुधारणा’ असं लिहिलं.

टप्पा संपला की आम्ही काय चुकलं ते बोलायला बसतो. त्या बैठकीत कुणालाही दोष द्यायचा नाही असा नियम आहे. त्यामुळे कुणी दिला नाही.

ताई, मला भीती वाटते. माझं नाव पुढे आलं तर या धंद्यात मला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. चौकशी थोडी पुढे ढकलून घेता येईल का? मला जरा वेळ दे, मी काहीतरी मार्ग काढतो. तोवर हे पत्र जाळून टाक.

ठोंब्या


१५ एप्रिल

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद.

चौकशी पुढे ढकलता आली नाही. मी विचारलंसुद्धा नाही.

एका लांब टेबलापलीकडे तिघं बसले होते. घड्याळजींची मुलगी खिडकीपाशी होती. तुझं पत्र माझ्या पिशवीत होतं. त्यांनी मला विचारलं की, बटण दाबायचं राहून गेलं असणं शक्य आहे का. मी पिशवीवर हात ठेवला. तू शाळेत गणित चुकलास की मास्तरांना मी सांगायचे की वही माझ्याच हातून भिजली. ती सवय असावी. मी म्हणाले, शक्य आहे.

घड्याळजींच्या मुलीनं तेव्हा माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. वीस वर्षांचं काम पंधरा मिनिटांत संपलं. ओळखपत्र तिथेच काढून दिलं. पर्यवेक्षिकाबाई रडल्या. ती नवी परिचारिकाही तिथे होती. तिनं ते इंजेक्शन स्वतःच्या हातानं दिलंय, हे ती जन्मभर विसरणार नाही. तिचाही विचार कर.

मी चूक केली असं आता मला वाटतं. तुला वाचवलं म्हणून नव्हे. घड्याळजींच्या मुलीला मी खोटं सांगितलं म्हणून. तुमच्याकडे दोष कुणाचाच नसतो ना, म्हणून तो आमच्याकडे राहायला येतो. मी तुझ्यावर चिडले आहे, ठोंब्या. खूप चिडले आहे. आणि चक्राची तक्रार मीच केली होती, वही मीच उचलली होती, हेही मला झोपू देत नाही.

मी घरी का बसले आहे ते आईला सांगावंच लागलं. तिच्या कानात ओरडून सांगितलं की, नोंद करायची विसरले, त्यातून माणूस गेला. ती म्हणाली की, तू लहानपणीसुद्धा दप्तर विसरून शाळेत जायचीस. मग तोंड फिरवून झोपली. तेव्हापासून औषध मी दिलं की ती आधी गोळी निरखून पाहते, मग मला विचारते की, ही सकाळी दिली होतीस का गं.

तुझं पत्र मी जाळलं नाही. सोबत परत पाठवते आहे. त्याचं काय करायचं ते तू ठरव. मला विचारू नकोस आणि मला सांगूही नकोस.

ताई


२४ एप्रिल

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे. ताईनं वाचून दाखवू नये म्हणून एवढी मोठी अक्षरं काढली आहेत. तुझं भिंग घे आणि खिडकीपाशी बसून सावकाश वाच.

त्या दिवशी ताई घड्याळजींकडे वेळेवर गेली होती. तिनं इंजेक्शन दिलं. तिनं नोंदही केली. ती काहीच विसरली नाही. तिची नोंद मी केलेल्या अ‍ॅपनं हरवली. ते हरवू शकतं हे मला आधीपासून माहीत होतं. तसं होऊ नये म्हणून करायचं काम मी आज-उद्या करत मागे ठेवलं होतं. नंतर सगळं कळल्यावर मी गप्प बसलो, आणि ताईनं माझ्यासाठी खोटं सांगितलं.

सोमवारी मी ताईच्या पर्यवेक्षिकाबाईंकडे गेलो आणि माझंच पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं. तिथून घड्याळजींच्या मुलीकडे गेलो. तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि दार लावलं. दार लावण्याआधी तिनं एक कोरी वही माझ्या हातात दिली. ताईनं तिच्या वडिलांना आणून दिलेली, एकही पान न वापरलेली. ती मी या पत्रासोबत पाठवतो आहे. ताईला दे.

चौकशी पुन्हा उघडतील का, ते अजून कुणी सांगत नाही. पर्यवेक्षिकाबाई म्हणाल्या की, तिनं स्वतः कबूल केलंय, ते पुसणं सोपं नाही. मला कंपनीनं त्याच दिवशी निघायला सांगितलं. माझं टेबल आवरायला दहा मिनिटं लागली. फळ्यावर ते दुसरं कार्ड आता ‘झालं’च्या रकान्यात होतं.

आई, उद्या सकाळी ताई गोळी घेऊन येईल. ती निरखून पाहू नकोस. तिच्या हातून घे आणि गिळ.

कळावे. लोभ आधी ताईवर कर, उरला तर माझ्यावर.

तुझा
ठोंब्या