आबांच्या टी पेशी

रामवाडी, पेण
१४ ऑगस्ट

चि. सुशील यास,

थोरली आहे, म्हणून अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल आहोत असं मात्र लिहीत नाही. माझा नंबर तू ब्लॉक केलास. आबांच्या फोनवरून लावला, तर माझा आवाज ऐकताच ठेवून दिलास. म्हणून शेजारच्या रघूला मोटरसायकलवर रोह्याला धाडतेय. क्लासमधल्या पोरांसमोर हे वाचलंस तरी माझी हरकत नाही.

क्लास जोरात आहे म्हणे. पाटीवर तुझा फोटो मोठा आणि 'जीवशास्त्र' बारीक अक्षरात. शोभतं तुला.

आबा सहा वर्षं आमच्याकडे नाशिकला होते. यांची पेणला बदली झाली तशी आबांनी गावाकडचं गागोद्याचं घर उघडलं. मी मच्छरदाणी बांधून दिली, ती तू सोडायला लावलीस. काय तर म्हणे, आबांना लहानपणापासून इतक्यांदा हिवताप झालाय, की त्यांच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या टी पेशींना मलेरिया तोंडपाठ आहे! आबांनी ते अख्ख्या आळीला सांगितलं. मग ताप भरला, तेव्हा तू फोनवर म्हणालास की शरीर लढतंय, गोळ्या घेतल्या की पेशी आळशी होतात. कुठल्या पुस्तकात वाचलंस रे हे? अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालास.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते ऐक. मारेकरी टी पेशी या जंतूला मुख्यतः यकृतात गाठतात. एकदा तो तांबड्या पेशीत शिरला, की आत कोण लपलंय हे दाखवणारी खूणच त्या पेशीवर नसते. मारेकरी पेशी तिच्या समोरून सरळ निघून जातात. मदतनीस टी पेशी बाकीच्यांना उठवतात, लढाई होते, नाही असं नाही. पण जुनी ओळख पुन्हापुन्हा लागण होत राहिली तरच टिकते. नाशिकच्या सहा वर्षांत ती विरली. गाव सोडलेल्याला गावचं कुत्रंही ओळखत नाही, हे तुला तरी ठाऊक असायला हवं होतं.

आबा दवाखान्यात आहेत. डोळे पिवळे झालेत, लघवी काळपट. काल त्यांनी सलाईनची सुई उपसून टाकली. गोळी गालात धरतात आणि माझी पाठ वळली की थुंकतात. मी हात जोडले, तर म्हणाले, "सुशील सांगल तवा घेईन. तो शिकलेला हाय."

मीपण बी.एस्सी. आहे, सुशील. त्यांचं पथ्य, मोतीबिंदूचं ऑपरेशन, रात्रीचा खोकला, सगळं मी काढलं. काल जिन्यात बसून मी ढसाढसा रडले, ते त्यांच्या तापामुळे नाही, त्या बोलण्यामुळे.

बाई म्हणतात, औषध पोटात गेलं तर अजून आशा आहे. दुखणं मेंदूवर गेलं की मग कोणाचंच काही चालणार नाही.

तुझं तोंड बघायची मला इच्छा नाही. तरी रघूच्या मागे बस आणि ये. आबांना एवढंच सांग, "मी चुकलो, गोळी घ्या." माझी माफी मागू नकोस, ती मला नको. तुझ्या तोंडून निघालेलं तेवढं एक वाक्य हवंय, कारण माझ्या शंभरांना त्यांच्या लेखी किंमत नाही.

आबा जिचं ऐकत नाहीत ती,
तुझी ताई,
अनिता